हे कोण कुणाला म्हणतंय?

वडिलांच्या तेराव्याला मांडवात स्पीकर लावला होता. आमच्या गावाकडे ती रीतच आहे. मंडपवाला विचारत बसत नाही. ताडपत्रीबरोबर पेन ड्राइव्हही घेऊन येतो आणि लावून देतो. दुपारी शेवटची पंगत उठली, पत्रावळी गोळा झाल्या आणि सुधीर फडक्यांच्या आवाजात ‘पराधीन आहे जगती’ सुरू झालं. धाकटा भाऊ खांबाला टेकून बसला होता. त्याचा अकरा वर्षांचा मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “काका, हे कोण कुणाला म्हणतंय?”

“राम म्हणतोय. भरताला.”

“का?”

मी गप्प. गाणं लहानपणापासून ऐकलेलं, कडवी एकामागून एक पाठ. पण राम हे भरताला का म्हणतो, नेमकं कशासाठी म्हणतो, हा विचार पन्नाशी उलटली तरी कधी डोक्यात आला नव्हता. माझ्या लेखी ते ‘मयताचं गाणं’ होतं. मांडवातल्या बाकीच्यांच्या लेखीही तेच होतं.

हे पुस्तक त्या ‘का’पासून सुरू झालं. आपल्या कानावर रोज पडणारी, ओठांवर बसलेली चाळीस गाणी घेतली आणि प्रत्येकाला तोच प्रश्न विचारला: हे कोण, कुणाला, कुठल्या वेळी म्हणतंय? त्यात भावगीतं आहेत, चित्रपटगीतं आहेत, भारूड आहे, आरतीसुद्धा आहे. गाण्यांचे शब्द मात्र इथे छापलेले नाहीत. एक कारण कायद्याचं. आपल्याकडे कवी गेल्यानंतर साठ वर्षं त्याच्या शब्दांवर हक्क राहतो. ‘पराधीन आहे जगती’ लिहिणारे गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत चालेल. दुसरं कारण साधं आहे. शब्द तुम्हाला पाठ आहेत. पाठ असणं हीच तर खरी अडचण आहे.

पाठ झालेला शब्द आपण ऐकायचं सोडून देतो. गणपतीतलंच बघा. दहा दिवस, दोन वेळा, टाळ्या वाजवत म्हणतो ती आरती. त्यात ‘फणिवरबंधना’ असा शब्द आहे. फणिवर म्हणजे नागराज. तो ज्याने कमरेला बांधला आहे असा देव, त्याला घातलेली ही हाक आहे. पण घरोघरी मुलं बिनदिक्कत ‘फळीवर वंदना’ म्हणतात, आणि मोठी झाल्यावरही तेच म्हणतात. मूर्ती बहुतेकदा फळीवरच मांडलेली असते, त्यामुळे अर्थही झकास लागतो. ‘संकटी’च्या जागी ‘संकष्टी’ तर इतकं रुळलंय की चूक दाखवणारा माणूसच वेडा ठरावा. या चुकांना हसावं, पण त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. न कळलेल्या शब्दापाशी माणूस अडत नाही. तो आपल्या घरातलं काहीतरी उचलतो आणि त्या जागी बसवतो. नागराज परका होता, फळी ओळखीची होती.

हेच पुढे मोठ्या प्रमाणावर होतं. शांता शेळके यांचं ‘मी डोलकर’ घ्या. हृदयनाथ मंगेशकरांची चाल, हेमंतकुमार आणि लतादीदींचे आवाज. शाळेच्या गॅदरिंगमध्ये हे गाणं लागलं की मुलं आडव्या पट्ट्यांचे बनियन घालून डावी-उजवीकडे झुलतात. डोलकर म्हणजे डोलणारा, असा आपला समज. चालच अशी आहे की दुसरं काही सुचूही नये. पण कोळीवाड्यात विचारा. डोल हे जाळं आहे. लांबलचक, शंकूसारखं निमुळतं होत गेलेलं, तोंड रुंद आणि शेपूट बारीक. समुद्राच्या तळात रोवलेल्या खांबांना ते बांधतात आणि त्याचं तोंड प्रवाहाकडे करून ठेवतात. मासळीमागे धावायचं नसतं. पाण्याचा जोर बोंबील नि जवळा आपसूक आत लोटतो. पाणी फिरायच्या आत मात्र होडीने तिथे पोचून जाळं उचलावं लागतं. भरती-ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते. म्हणून डोलकराचा दिवस सूर्यावर नाही, पाण्यावर चालतो. आज पहाटे, तर आठवड्याने भर दुपारी किंवा मध्यरात्री. हे कळल्यावर त्याने स्वतःला दर्याचा राजा म्हणवून घेणं वेगळं ऐकू येतं. ज्याला झोपेची वेळसुद्धा समुद्राला विचारून ठरवावी लागते, तो माणूस हे म्हणतोय. ती बढाई आहे, थट्टा आहे आणि अभिमानही आहे. झुलणाऱ्या मुलांच्या नाचात यातलं जाळं तेवढं गळून पडलं. म्हणजे त्याचं काम गळून पडलं.

ही चाळीस गाणी पुन्हापुन्हा ऐकताना माझ्या लक्षात आलेली मुख्य गोष्ट हीच. लोकप्रिय गाण्याचा अर्थ बदलतो, यात नवल नाही. ते हजार तोंडांत जातं, बदलणारच. पण तो कुठल्या दिशेने बदलतो, हे पाहण्यासारखं आहे. गाण्यात जे अडचणीचं असतं ते आधी गळतं. कष्ट गळतात, राग गळतो, नकार गळतो, बाईची इच्छा तर सगळ्यात आधी गळते. उरतं ते चारचौघांत लावता येईल असं, सोवळं नेसवलेलं गाणं.

सोवळं नेसवण्याची सगळ्यात मोठी कारागिरी अलीकडे मोबाइलवर चालते. ‘या गाण्यामागची खरी कहाणी तुम्हाला माहीत आहे का?’ असा मजकूर महिन्यातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतो. सुरेश भटांच्या ‘तरुण आहे रात्र अजुनी’बद्दलचा तर अनेकांनी वाचला असेल. हे शृंगाराचं गाणं नाहीच, असं त्यात सांगितलेलं असतं. रणांगणावरून आलेल्या पतीच्या निष्प्राण देहापाशी बसून त्याची तरुण पत्नी हे म्हणते आहे. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, तो मजकूर पुढे पाठवतो, आणि यापुढे ते गाणं ऐकताना त्याला शवपेटी दिसते.

आता कहाणी बाजूला ठेवून नुसते शब्द बघू. ही गझल आहे. पतीला, प्रियकराला विचारलेले प्रश्न एकामागून एक येतात आणि प्रत्येक शेर त्याच ‘का रे’वर येऊन थांबतो. त्या ‘का रे’च्या आधीची क्रियापदं ओळीने मांडली की गाणं उघडं पडतं. निजणं, वळणं, विझणं, मिटणं, लुटणं आणि शेवटी कोरडं उरणं. ‘विझणं’ आणि ‘मिटणं’ या दोन ठिकाणी मरणाची सावली पडते, हे कबूल. कहाणी रचणाऱ्याने तीच दोन क्रियापदं धरली असणार. पण ‘वळणं’चं काय करायचं? ती म्हणते, इतक्यातच तू त्या कुशीवर वळलास. मेलेला माणूस कूस बदलत नाही. पाठ फिरवून झोपलेला नवरा बदलतो. शिवाय युद्ध, सैनिक, गणवेश, तिरंगा यातलं काही गाण्यात कुठेही नाही. आहे ते चांदणं, रातराणी, गार वारा आणि एक जागी बाई.

मग ही कहाणी इतकी का चालली? एक कारण चालीत आहे. हृदयनाथांची चाल संथ आहे आणि आशाबाईंचा आवाज तक्रार न करता नुसता विचारत राहतो. त्या शांतपणाला शोक समजणं सोपं जातं. पण मोठं कारण आपल्यात आहे. माझी रात्र अजून संपलेली नाही आणि तू झोपलास कसा, हे एका बाईने नवऱ्याला रोखठोक विचारणं आपल्या दिवाणखान्याला झेपत नाही. नवरा शहीद केला की सगळं पवित्र होतं. तिची इच्छा ही इच्छा राहत नाही, पत्नीधर्म होते. मग ते गाणं सासऱ्यांसमोरही लावता येतं. भटांनी तिला बोलायला लावलं. आपण तिच्या कपाळाचं कुंकू पुसून तिला गप्प केलं. आणि वर याला ‘खरा अर्थ’ म्हणायचं.

कहाण्या सगळ्याच खोट्या असतात असं माझं म्हणणं नाही. सावरकरांची ‘सागरास’ ही कविता, जिला लोक ‘ने मजसी ने’ म्हणून ओळखतात, ती १९०९ साली इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलेली आहे. ती माहिती हवीच. नाहीतर समोरचा समुद्र कुठला आणि पलीकडचा किनारा कुठला तेच कळणार नाही. पण गंमत अशी की एवढी पक्की कहाणी हाताशी असूनही आपण अर्धंच गाणं ऐकतो. ते लागलं की डोळे भरून येतात. मातृभूमीची आठवण, व्याकूळ मन, बस्स. प्रत्यक्षात ती कविता समुद्राशी मांडलेलं भांडण आहे. तू मला परत आणायच्या बोलीवर घेऊन गेलास, माझ्या आईला तसं वचन दिलंस आणि तू शब्द फिरवलास, असा तो आरोप आहे. पुढे फेसाळून हसणाऱ्या समुद्राला निर्दय ठरवलंय, आंग्लभूमीला घाबरतोस म्हणून हिणवलंय, आणि शेवट धमकीवर आहे. माझी आई अगस्तीला सांगेल, असं तिथे म्हटलंय. अगस्ती कोण? तो ऋषी ज्याने अख्खा समुद्र एका आचमनात पिऊन टाकला. ज्याला ही गोष्ट माहीत नाही त्याला शेवटच्या कडव्यात एका ऋषीचं नाव ऐकू येतं, एवढंच. ज्याला माहीत आहे त्याला दात-ओठ खाल्लेले दिसतात. आपण अश्रू ठेवले आणि राग पुसला. राष्ट्रीय सणाच्या कार्यक्रमात अश्रू शोभतात.

मराठीला हा प्रकार नवा नाही. उलट, गाण्याला तळघर असतं ही समजूत आपल्या रक्तातच आहे. शाहिरांच्या कलगी-तुऱ्याच्या फडात रात्र-रात्र भेदिक चालायचं. एका बाजूने कूट टाकायचं, दुसऱ्या बाजूने ते फोडायचं. फोडता आलं नाही तर भर सभेत हार. तुरेवाले शिवाचा पक्ष घेणार, कलगीवाले शक्तीचा. तिथे श्रोता अर्थ लावण्यासाठीच बसलेला असे. एकनाथांच्या भारुडांची घडणही दुहेरीच आहे. विंचू चावतो तो अंगणात, आणि उतरवायचा असतो काम-क्रोधाचा. हा दुसरा अर्थ नाथांनी लपवून ठेवलेला नाही. भारुडातच सांगून टाकलाय.

पण ‘सत्वर पाव गे मला’ पाहा. सून भवानीआईला रोडगा कबूल करते. रोडगा म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला कणकेचा जाड गोळा, गरिबाचा नवस. त्या एका रोडग्याच्या बदल्यात तिची मागणी काय? सासरा गावाला गेलाय तो तिकडेच खपू दे, सासू संपू दे, जावेचं, नणंदेच्या पोराचं असंच काहीतरी होऊ दे, शेवटी नवराही जाऊ दे, मला एकटीला राहू दे. कीर्तनकार समजावून सांगतात की हे नातेवाईक म्हणजे विकार आणि एकटी राहणं म्हणजे आत्मस्वरूपाला पोचणं. अर्थ चोख आहे आणि नाथांना तो अभिप्रेत आहे. पण गावच्या देवळात सोंग आलं की बायकांच्या बाजूने जो हशा उठतो, तो विकार जिंकल्याचा नसतो. डोक्यावरचा पदर तोंडात धरून हसणाऱ्या त्या बायकांना तळघराची गरज पडत नाही, वरची खोलीच त्यांच्या पुरती ओळखीची असते. नाथांची थोरवी अशी की त्यांनी दोन्ही खोल्या उघड्या ठेवल्या. आपण मात्र एकीला कुलूप घालून दुसरीलाच घर म्हणतो.

म्हणून या पुस्तकात मी एक पथ्य पाळलं आहे. आधी शब्द. अडलेला शब्द कोशात पाहायचा, आणि कोशात नसेल तर तो वापरणाऱ्या माणसाला विचारायचा. करमाळ्याकडच्या माणसाला ‘याड’ म्हणजे वेड, हे ‘सैराट’च्या आधीही ठाऊक होतं, बाकी महाराष्ट्राने ते २०१६ साली शिकून घेतलं. शब्दानंतर बोलणारा आणि ऐकणारा. त्यानंतर चाल, कारण कुठलं कडवं गायचं आणि कुठल्या शब्दावर थांबायचं हे संगीतकार ठरवतो, आणि तोही एक अर्थच लावत असतो. कवीच्या आयुष्यातली कहाणी सगळ्यात शेवटी, तीही नोंदलेली असेल तरच. हा क्रम उलटा केला की फसगत ठरलेली.

हे पथ्य सगळीकडे चालतं असंही नाही. कवी ग्रेसपाशी ते थकतं. ‘निवडुंग’ चित्रपटातून घरोघरी गेलेलं ‘ती गेली तेव्हा’ कित्येक जण प्रेमभंगाचं गाणं म्हणून एकमेकांना पाठवतात. कवितेत ‘आई’ हा शब्द उघड, लख्ख आहे. इथवर पथ्य उपयोगी पडलं. पण मग तो पाऊस, तो सूर्य, खिडकीतला तो कंदील यांची फोड करायला बसलं की हाताशी भुसा येतो. ग्रेसची प्रतिमा म्हणजे कुलूप नव्हे, की किल्ली फिरवली आणि उघडलं. कंदील म्हणजे काय, असं विचारण्यापेक्षा घरात कुणी गेल्यावर वीज नसलेल्या खोलीत बसून पाहावं. त्या प्रकरणात मी अर्थ सांगायचं जवळजवळ सोडून दिलं आहे. वाचकाने ती माझी हार समजावी, कवीची नव्हे.

लोकांनी लावलेला अर्थ सरसकट चूक, असं म्हणणारा मी कोण? त्याचा दाखला पुन्हा त्या मांडवातच आहे.

घरी आल्यावर मी गीतरामायण काढून बसलो. १ एप्रिल १९५५, रामनवमी. त्या दिवशी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून पहिलं गीत गेलं, आणि मग आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीतं झाली. त्या क्रमात ‘पराधीन आहे जगती’ चित्रकूटावर येतं. दशरथ गेलाय. भरत आजोळाहून परतलाय, आईवर संतापलाय, आणि सगळी अयोध्या बरोबर घेऊन थोरल्या भावाला परत न्यायला आलाय. चल घरी, राज्य तुझं आहे. त्यावर रामाने दिलेलं उत्तर म्हणजे हे गाणं. समुद्रात दोन ओंडके जवळ येतात आणि एका लाटेने दूर होतात, ही प्रतिमा वाल्मीकींच्या अयोध्याकांडातलीच आहे आणि तिथेही ती राम भरतालाच सांगतो. आपण तेवढी उचलली आणि मांडवात नेली. पण गाणं तिथे थांबत नाही. चौदा वर्षं पुरी झाल्याशिवाय मी येणार नाही. राज्य आता तू सांभाळ. आणि पुन्हा कुणी या वनात येऊ नका. सगळं तत्त्वज्ञान या एका ‘नाही’साठी रचलेलं आहे.

म्हणजे मंडपवाला चुकला नव्हता. वडील नुकतेच गेलेत आणि दोन भाऊ समोरासमोर उभे आहेत. तेराव्याला याहून चपखल गाणं कुठलं? फक्त ते सांत्वनापुरतं नव्हतं. आदल्या रात्री धाकट्याने मला विचारलं होतं, “दादा, आता इकडेच येतोस का? घर आहे, शेत आहे, मला एकट्याला झेपत नाही.” मी ‘बघू’ म्हणालो होतो. काय बघणार होतो ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. म्हणून पोराच्या ‘का’पाशी मी अडकलो. उत्तर ठाऊक नव्हतं हे खरं. पण ठाऊक असतं तरी खांबाला टेकून बसलेल्या भावासमोर ते मोठ्याने सांगणं जमलं नसतं.

पुढे दिवाळीत पुतण्या पुण्याला आला तेव्हा त्याला सगळं नीट सांगितलं. भरत का आला, राम काय म्हणाला. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग भरत काय म्हणाला?”

त्याचं गाणं पुढच्या आठवड्यात होतं. वडील गेले, आईही आता आपली राहिली नाही, मी पोरका झालो, निदान तुझ्या पादुका तरी दे, असं तो मागतो. ते गीतही फडक्यांच्याच चालीत आहे, तितकंच सुंदर. मांडवात ते कुणी लावत नाही.